घोडीचे वेत आणि मराठीची साक्ष : अहमदनगर प्रदेशातील अश्वपालनाचा एक अलिखित भाग

१

दख्खनच्या राजकीय इतिहासात घोडा पानोपानी भेटतो. घोडी मात्र क्वचित भेटते, आणि विणारी घोडी तर अपवादानेच. अहमदनगर जिल्ह्यापुरते (२०२४ पासून या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर असे झाले आहे) पाहिले तरी हे सहज ध्यानी येते. १४९० मध्ये स्थापन झालेल्या निजामशाहीला चौलच्या बंदरातून अरबी घोडे मिळत. १६२४ मध्ये मलिक अंबरने भातवडी येथे आदिलशाही व मोगल सैन्यांचा पराभव केला, तो मुख्यतः वेगवान घोडदळाच्या बळावर. निजामशाही १६३६ मध्ये लयाला गेल्यानंतर, १६७० नंतरच्या दशकात, भीमेकाठच्या पेडगावी बहादूरखानाची मोगल छावणी होती. जामखेड भागातील खर्ड्याच्या मैदानावर १७९५ च्या मार्चमध्ये पेशवे व निजाम यांची सैन्ये समोरासमोर आली. या प्रत्येक प्रसंगी किती हजार घोडा होता, याची चर्चा इतिहासकार करतात.

तथापि या घोड्यांपैकी जे परदेशातून आले नव्हते, त्यांतील प्रत्येक घोडा कोणत्या तरी रात्री कोणत्या तरी गोठ्यात वा माळावर जन्माला आला होता. भीमा, नीरा व घोड या नद्यांच्या खोऱ्यांतील काटक भीमथडी घोडे प्रसिद्धच आहेत. त्या रात्री घोडीपाशी कोणी जागे होते की नाही, आणि असल्यास आजच जागले पाहिजे हे त्याने कशावरून ओळखले, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु घोडीचे वेत वर्षभराच्या प्रतीक्षेनंतर एकदा येते, एकच शिंगरू देते, आणि ती अडली तर अर्ध्या तासात शिंगरू व कधी घोडीही हातची जाते. शिलेदाराची सारी मिळकत त्याच्या घोड्यांत गुंतलेली असे. तेव्हा विण्याची घटका ओळखणे ही त्याच्या संसाराची गरज होती. ही ओळख कोणाकडे होती, हे शोधावयाचे तर कागदपत्रांपेक्षा भाषेचीच साक्ष अधिक उपयोगी पडते, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२

प्रथम लिखित साधनांचा विचार करू. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९० नंतरच्या दशकात लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना आली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, त्यांच्या दिमतीस एक पखालजी व एक नालबंद, त्यावर जुमलेदार, हजारी, पंचहजारी अशी ती उतरंड होय. या रचनेत पाण्याची सोय आहे, नालाची सोय आहे आणि हिशेबाची सोय आहे. लष्करी हिशेबाचा विषय उभा घोडा हा होता, पोटातला नव्हे. मोगलांच्या दाग व चेहरा या पद्धतींचा हेतूही तोच. घोड्याच्या अंगावर डाग देऊन व त्याचे वर्णन नोंदवून एकाच्या जागी दुसरे जनावर उभे करण्याची लबाडी टाळावयाची, एवढेच सरकारला हवे होते.

दुसरे साधन अश्वशास्त्राचे ग्रंथ. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेली परंपरा, नकुलाच्या नावावर असलेले अश्वशास्त्र, जयदत्ताचे अश्ववैद्यक, तसेच वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील घोड्यांविषयीचे अध्याय, यांचा यात समावेश होतो. या परंपरेचा फार्सीत अनुवाद झाला, आणि त्यातूनच ‘सालोत्री’ हा घोड्यांच्या वैद्याचा वाचक शब्द उत्तर हिंदुस्थानात व दख्खनेत रूढ झाला. एका ऋषीचे नाव संस्कृतातून फार्सी ग्रंथांत गेले आणि लष्करी बोलीतून धंद्याचे नाव होऊन परत आले, ही शब्दाच्या प्रवासाची मनोरंजक हकीकत होय. परंतु या ग्रंथांचा भर कशावर आहे ? अंगावरील शुभाशुभ भोवरे, रंग, दातांवरून वय, चाल, स्वर आणि रोग यांवर. पंचकल्याणी घोडा कोणता, कोणता भोवरा धन्याला घातक, ही माहिती मुख्यतः घोडा विकत घेणाराला लागणारी आहे. बाजारात घोडी समोर उभी असते तेव्हा ती कोणत्या रात्री विणार हा प्रश्न कोणी विचारीत नाही. तो प्रश्न घरी पाळणाराचा आहे, आणि पाळणारा ग्रंथ लिहीत नव्हता.

३

लिहिले नाही म्हणून त्याचे ज्ञान नाहीसे झाले असे मात्र नव्हे. ते त्याच्या बोलण्यात राहिले. मराठीतील अश्वविषयक शब्दसंग्रह एकत्र मांडला असता त्याचे दोन थर स्पष्ट दिसतात.

पहिला थर घोड्याच्या पाठीवरचा व त्याच्या भोवतालचा आहे. पागा, स्वार, शिलेदार, बारगीर, लगाम, जीन, खोगीर, रिकीब, नाल, तोबरा, चाबूक हे सर्व शब्द फार्सीतून, किंवा फार्सीच्या वाटेने अरबीतून, आलेले आहेत. ‘पागा’ हे ‘पायगाह’चे मराठी रूप, तर ‘रिकीब’ व ‘नाल’ मूळचे अरबी. घोड्यावर बसण्याची, त्याला बांधण्याची, नाल मारण्याची व मोजण्याची भाषा सुलतानी दरबारांची आहे.

दुसरा थर घोडीच्या पोटाचा आहे. घोडी ‘गाभण’ राहते. हा शब्द संस्कृत ‘गर्भिणी’, प्राकृत ‘गब्भिणी’ यांपासून आला. ती ‘विते’ वा ‘व्याते’. या क्रियापदाचे मूळ संस्कृत ‘विजायते’ व प्राकृत ‘विआयइ’ यांत आहे. तिला ‘पान्हा’ फुटतो, तो ‘प्रस्नव’ होय. विल्यानंतर ‘जार’ पडते. तिचा संबंध ‘जरायु’शी आहे. कास, सड, चीक, वार, वेत, पाणमोट हे यांचे सोबतीही घरगुती मराठीचेच. या सबंध थरात फार्सी शब्द शोधूनही सापडत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हे सर्व शब्द गाय, म्हैस, शेळी व घोडी यांना सारखेच लागू पडतात. मराठी भाषा पिलांची नावे काटेकोरपणे वेगळी ठेवते. गाईचे वासरू, म्हशीचे रेडकू, शेळीचे करडू, मेंढीचे कोकरू आणि घोडीचे शिंगरू. परंतु जन्मापूर्वीच्या अवस्थांसाठी ती एकच भाषा वापरते. यावरून असा तर्क निघतो की घोडीची निगा राखणारी माणसे आणि गाईम्हशींची निगा राखणारी माणसे ही दोन निराळी माणसे नव्हती. वेताचे ज्ञान गोठ्यातून तबेल्यात गेले. पागेतून गोठ्यात आले नाही. संस्कृतातील घोडीचे जुने नाव ‘वडवा’ हे बोलीत टिकले नाही. ते मराठीत उरले ते ‘वडवानल’ या एका पंडिती शब्दात. गोठ्याचा शब्द मात्र जिवंत राहिला.

४

यावर एक आक्षेप येणे स्वाभाविक आहे. जन्म, मृत्यू, शरीर व नाती यांचे शब्द कोणतीही भाषा सहसा उसने घेत नाही. तेव्हा ‘गाभण’ व ‘विणे’ हे देशी राहिले यात विशेष ते काय? आक्षेप वजनदार आहे, म्हणून तो तपासून पाहिला पाहिजे.

तपासणीसाठी रंगांचे उदाहरण सोयीचे आहे. रंगांचे प्राथमिक शब्दही भाषा सहसा उसने घेत नाहीत. काळा, पांढरा, तांबडा, पिवळा हे मराठीचे स्वतःचे शब्द आहेत. तथापि घोड्याचा रंग सांगताना मराठी माणूस अबलख, कुमाईत, समंद, सबजा असे म्हणू लागला. ही उसनवारी मुसलमानी सत्तेपूर्वीचीही आहे. बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या अभिधानचिंतामणीत घोड्यांच्या रंगांसाठी कोकाह, सेराह, खोंगाह असे जे शब्द नोंदले आहेत, त्यांचे रूपच ते संस्कृताचे नव्हेत हे सांगते. ते घोड्यांच्या व्यापाराबरोबर आले. म्हणजे व्यापारी व राज्यकर्ता यांना घोड्याच्या ज्या ज्या अंगाशी कर्तव्य होते, तेथे उसन्या शब्दांनी रंगांसारखा चिवट प्रांतही काबीज केला. वेताच्या शब्दांना मात्र त्यांचा स्पर्श झाला नाही. याचा अर्थ असा की तेथे व्यापारी व कारकून पोचलेच नाहीत.

राज्यव्यवहारकोशाची साक्षही याच दिशेची आहे. १६७७ च्या सुमारास सिद्ध झालेल्या या कोशाने दहा वर्गांत राज्यकारभारातील यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. शस्त्रे, सैन्य, दुर्ग, लेखन असे त्याचे विषय आहेत. जेथे परकी शब्द रुजला होता, तेथेच त्याला पर्याय देण्याची गरज पडली. गाभण, कास, पान्हा यांना पर्याय शोधण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. राजभाषा शुद्ध करणाऱ्या पंडिताला ज्या ठिकाणी काहीच काम नव्हते, ते ठिकाण म्हणजे घोडीचा गोठा होय.

५

आता या सामायिक भाषेचा दुसरा, काहीसा धोक्याचा भाग पाहावयाचा आहे. शब्द एक असले तरी जनावरे एक नाहीत.

काही बाबतीत गाईवरून घोडीची परीक्षा बरोबर उतरते. दोघींचीही कास विण्याच्या काही आठवडे अगोदर भरू लागते. दोघींच्याही शेपटीच्या मुळाजवळचे स्नायू व बंध सैल पडून तेथे खड्डे दिसू लागतात. निरण लांबट व ढिली होते, आणि पोट खाली व मागे उतरल्यासारखे वाटते. गुराख्याची नजर ही लक्षणे घोडीतही ओळखील.

परंतु पुढे वाटा फुटतात. गाईचा गर्भकाळ सुमारे २८० दिवसांचा, म्हशीचा सुमारे ३१० दिवसांचा व घोडीचा सुमारे ३४० दिवसांचा असतो. घोडीत हा काळ ३२० पासून ३६० दिवसांपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक, मागेपुढे होतो. म्हणून नुसत्या तिथीच्या मोजणीवर विसंबून चालत नाही. लक्षणेच पाहावी लागतात. त्यांतील सर्वांत विश्वसनीय लक्षण घोडीच्या दोन सडांवर दिसते. विण्यापूर्वी चार ते सहा दिवस सड टोकापर्यंत भरतात, आणि बहुधा शेवटच्या एक-दोन दिवसांत त्यांच्या तोंडाशी चिकाचे पिवळसर, मेणासारखे थेंब सुकून बसतात. काही घोड्यांत हे मेण दिसतच नाही, तर काहींत ते कित्येक दिवस आधी दिसते. सडातून दूध गळू लागल्यास चीक वाया जाऊन शिंगराचे नुकसान होते. एखादे एकच लक्षण कधीही पुरेसे नसते. अनेक लक्षणे एकत्र पाहणारी सवयीची नजर लागते. आधुनिक पशुवैद्यकाने याला दुधातील चुन्याचे प्रमाण तपासण्याची जोड दिली आहे. वेत जवळ आले की ते प्रमाण एकदम वाढते.

मग खरी घटका येते. घोडी अस्वस्थ होते, कुशीकडे वळून पाहते, पाय आपटते, बसते व उठते. तिच्या कुशीवर व मानेवर घाम फुटतो. ही अवस्था एक ते चार तास चालते. भोवती गडबड असेल तर घोडी ती लांबवू शकते. पाणमोट फुटल्यानंतर मात्र सारे वीस-तीस मिनिटांत आटोपते. येथेच गाईचा अनुभव फसवतो. गाईच्या प्रसूतीला याहून पुष्कळ अधिक वेळ लागू शकतो, आणि तिची वार पडण्यास बारा तासांपर्यंत थांबता येते. घोडीची वार तीन तासांत पडली नाही तर ती घोडीच्या जिवावर बेतते. ‘वार पडली नाही’ हे वाक्य गोठ्यात व तबेल्यात एकच, परंतु एका ठिकाणी ते सकाळपर्यंत वाट पाहा असे सांगते, तर दुसऱ्या ठिकाणी आताच धाव असे सांगते. हा फरक शब्दात नाही. तो शब्द वापरणाराच्या अनुभवात होता. अनुभवी माणूस गेला की शब्द मागे राहतो आणि फरक नाहीसा होतो.

हा फरक पूर्वीच्या लोकांना ठाऊक होता, याचा पुरावा एका अनपेक्षित ठिकाणी मिळतो. धर्मशास्त्राच्या निबंधपरंपरेत जनावरांच्या अशुभ प्रसवांविषयी एक प्रसिद्ध विधान आहे. सूर्य सिंह राशीत असता गाय, माघात बुधवारी म्हैस आणि श्रावणात दिवसा घोडी विली तर ते धन्याला अनिष्ट मानून त्यासाठी शांती सांगितली आहे. या शकुनाची फलश्रुती बाजूस ठेवली तरी त्याची शब्दयोजना लक्षणीय आहे. गाय व म्हैस यांच्याबाबत महिना व वार सांगितला. प्रहर सांगितला नाही. ‘दिवसा’ ही अट घोडीलाच लावली आहे. अशुभ ठरावयाचे ते विरळ असले पाहिजे. गाय दिवसा व रात्री केव्हाही विते. घोडी बहुतकरून रात्रीच विते. इंग्लंडमध्ये रॉसडेल व शॉर्ट यांनी ५०१ घोड्यांच्या नोंदी तपासून १९६७ मध्ये दाखविले की त्यांतील ८६ टक्के घोड्या सायंकाळी सात ते सकाळी सात या वेळात विल्या होत्या. ही गोष्ट शांतीचे वचन रचणाराने, किंवा ज्याच्याकडून त्याने ऐकले त्या अश्वपालाने, केव्हाच हेरली होती. निरीक्षण गोठ्यातले; ग्रंथात शिरताना त्याने शकुनाचे वस्त्र पांघरले. अश्वशास्त्राचे ग्रंथ ज्याविषयी फारसे बोलत नाहीत, ते शांतिप्रकरण नकळत सांगून जाते.

६

पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि शिलेदाराचा घोडा कामाविना राहिला. इंग्रज अमदानीत अहमदनगर येथे लष्कराचा रिमाउंट डेपो होता. परंतु डेपोचे काम तयार जनावर घेऊन त्याला लष्करी कामासाठी सिद्ध करण्याचे असते. हिंदी सैन्याला ऑस्ट्रेलियातून आलेले ‘वेलर’ घोडे मोठ्या संख्येने पुरविले जात. म्हणजे निजामशाहीत चौलच्या बंदरावर जे घडत होते, तेच वेगळ्या बंदरांतून पुन्हा घडले. राज्याला घोडा हवा होता, घोडीचे वेत नको होते. १९४८ मध्ये अहमदनगर येथे चिलखती दलाचे केंद्र स्थिरावले आणि घोडदळाच्या पलटणींची परंपरा रणगाड्यांकडे गेली. आज त्या शहरात रणगाड्यांचे संग्रहालय आहे.

घोडी मात्र जिल्ह्यातून नाहीशी झाली नाही. पारनेर तालुक्यातील ढवळपुरी व आसपासच्या माळरानावरील धनगर मेंढपाळ पावसाळा सरल्यावर मेंढ्या घेऊन कोकणाच्या वाटेला लागतात व पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. वाड्याचे बिऱ्हाड, भांडी, कोवळी कोकरे आणि कधी लहान मुले घोड्यांच्या पाठीवर असतात. ओझे लादण्याउतरविण्याचे काम बहुतेक बायकांकडे असते. अशा वाड्यात गाभण घोडीची परीक्षा हा रोजच्या मुक्कामाचा प्रश्न होतो. हिच्या पाठीवरचे ओझे केव्हा कमी करावयाचे, उद्याचा मुक्काम हलवावयाचा की नाही, आज रात्री कोणी जागावयाचे, हे ठरवावे लागते. सडाला हात लावणारी व कुशीवरचा घाम पाहणारी व्यक्ती तेथे सालोत्री नसते. पेशव्यांच्या काळातही बहुधा नव्हती. याच जिल्ह्यातील चौंडी येथे १७२५ मध्ये धनगर कुटुंबात जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांचे नाव आता जिल्ह्याला मिळाले आहे. होळकरांचे घोडदळ ज्या समाजातून उभे राहिले, त्याच समाजाने घोडी माळावर टिकवून धरली, हे या नावाच्या निमित्ताने स्मरणात ठेवण्यासारखे आहे.

२०२३-२४ मध्ये भीमथडी घोड्याची स्वतंत्र देशी जात म्हणून राष्ट्रीय स्तरावर नोंद झाली. त्यामुळे उंची, रंग, बांधा यांची मापे आता कागदावर आली आहेत. जुन्या चेहरापद्धतीप्रमाणे या नोंदीचाही भर उभ्या घोड्यावर असणे क्रमप्राप्त आहे. परंतु जात टिकते ती नोंदीने नव्हे, वर्षाकाठी सुखरूप उतरणाऱ्या शिंगरांनी. त्यासाठी लागणारी भाषा पारनेर, कर्जत, श्रीगोंदे येथील मेंढवाड्यांत अजून बोलली जाते. ती गोळा करावयाची तर केवळ शब्दांची यादी करून भागणार नाही. ‘कास’ व ‘वार’ हे शब्द कोशांत आधीच आहेत. ‘कास किती भरली म्हणजे किती दिवस’, ‘वार किती वेळ थांबावी’, ‘सडाच्या तोंडाशी जे धरते त्याला काय म्हणावे’, असे प्रश्न घोडी समोर असताना, वेताच्या महिन्यात आणि विशेषतः वाड्यातील वडीलधाऱ्या बायकांना विचारले पाहिजेत. शब्दाबरोबर त्याची मुदत नोंदली गेली, तरच गाईचा ‘वार’ व घोडीचा ‘वार’ यांतील नऊ तासांचे अंतर पुढच्या पिढीच्या हाती लागेल.